हिब्रू अक्षरं, बायबलमधली नावं आणि रंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नावाचा रंग कोणता, अक्षराचा अर्थ काय, अमुक तक्ता खरा का, अशा आशयाचे जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. हिब्रू शब्द देवनागरीतच लिहिले आहेत, आणि गरज पडेल तिथे अक्षरांची नावं सुटी करून दिली आहेत. पुस्तकांची नावं आणि ओव्यांचे आकडे मराठी बायबलप्रमाणे आहेत.

1. हिब्रू अक्षरांना ठरावीक रंग असतात का?

नाही. ज्यू परंपरेत बावीस अक्षरांना बावीस रंग वाटून दिलेला सर्वमान्य तक्ता नाही. रंग असतो तो शब्दाला, म्हणजे त्याच्या धातूला (मूळ अक्षरांच्या सांगाड्याला). आलेफ, दालेत, मेम ही तीन अक्षरं सुटी असताना लाल नाहीत. ती या क्रमाने एकत्र आली की त्यातून 'आदोम' म्हणजे लाल हा शब्द तयार होतो. पुढची बहुतेक उत्तरं या एकाच भेदावर उभी आहेत.

अक्षराच्या सर्वांत जवळ जाणारी जुनी जुळणी 'सेफेर येत्सिरा' या ग्रंथात आहे. तिथे आलेफ, मेम, शीन या तीन 'माता' अक्षरांना अनुक्रमे वायू, पाणी आणि अग्नी ही तत्त्वं दिली आहेत. शीन म्हणजे अग्नी, मग ते लाल, हा पुढचा टप्पा वाचणाऱ्याने स्वतः जोडलेला असतो.

तोराची (बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांची) गुंडाळी लिहिताना तर रंगाला वावच नाही. ती चामड्यावर काळ्या शाईनेच लिहायची. ही शाई मायफळ, डिंक आणि हिराकस यांची करतात. देवाचं नाव सोन्याने लिहिलं, तर ती गुंडाळी वाचनासाठी चालत नाही. यरुशलेमी तालमूद या जुन्या ज्यू धर्मग्रंथातलं तोराचं वर्णनही दोनच रंगांचं आहे: शुभ्र अग्नीवर लिहिलेला काळा अग्नी.

2. अक्षरं किती आणि त्यांचे अंक कोणते?

अक्षरं बावीस. मराठी बायबलमध्ये स्तोत्र 119 उघडलं की ती शीर्षकांत ओळीने दिसतात. बावीस अक्षरं आणि प्रत्येकाच्या आठ ओव्या, अशा एकूण 176.

आलेफ 1, बेत 2, गिमेल 3, दालेत 4, 'हे' 5, वाव 6, झाइन 7, खेत 8, तेत 9, योद 10. पुढे दहा-दहाने: काफ 20, लामेद 30, मेम 40, नून 50, सामेख 60, आयिन 70, पे 80, त्सादी 90. मग शंभरा-शंभराने: कोफ 100, रेश 200, शीन 300, ताव 400.

काफ, मेम, नून, पे, त्सादी या पाच अक्षरांचं रूप शब्दाच्या शेवटी बदलतं. साध्या पद्धतीत अंक मात्र तोच राहतो. पंधरा लिहिताना 10+5 आणि सोळा लिहिताना 10+6 असं लिहीत नाहीत, कारण त्यातून देवनामाची अक्षरं तयार होतात. त्याऐवजी 9+6 आणि 9+7 लिहितात.

3. मग 'आलेफ फिकं पिवळं, मेम गडद निळं, शीन नारिंगी-लाल' हा तक्ता कुठून आला?

लंडनमध्ये 1888 साली स्थापन झालेल्या 'हर्मेटिक ऑर्डर ऑफ द गोल्डन डॉन' या गूढविद्येच्या मंडळाकडून. त्यांनी टॅरोची (भविष्य पाहायच्या पत्त्यांची) बावीस मोठी पानं हिब्रू अक्षरांशी जोडली आणि त्या जोड्यांना रंगांच्या श्रेणी लावल्या. दालेत पाचूसारखं हिरवं, 'हे' लालभडक, ताव गडद नीळ असं जे सगळीकडे फिरतं, ते त्या श्रेणींतलं आहे.

टॅरोच्या अभ्यासासाठी तो तक्ता जरूर वापरावा. पण त्याला 'प्राचीन हिब्रू अर्थ' म्हणणं चूक आहे, आणि ही चूक मराठीतल्या पोस्टमध्ये फार पसरली आहे. ज्यू गूढपरंपरेतले रंग अक्षरांचे नसून सफिरोतांचे, म्हणजे देवाच्या दहा गुणांचे आहेत. त्यासाठी प्रश्न 10 पाहा.

4. 'आदाम' म्हणजे लाल माणूस का?

थेट तसं नाही. उत्पत्ती 2:7 मध्ये 'आदाम' हा 'अदामा'च्या, म्हणजे जमिनीच्या धुळीपासून घडवला आहे. मजकुरातला शब्दखेळ माणूस आणि माती यांचा आहे. तांबड्या मातीचा उल्लेख तिथे नाही. 'लाल मातीपासून, म्हणून आदाम' हे स्पष्टीकरण पहिल्या शतकातला इतिहासकार जोसेफस देतो.

तरी अक्षरं सारखी आहेत हे खरं. हिब्रूत स्वर बहुधा लिहिले जात नाहीत, त्यामुळे आदाम (माणूस), अदोम (देश) आणि आदोम (लाल) यांचा सांगाडा एकच असू शकतो. गणना 19:2 मधल्या लाल कालवडीसाठी आलेला 'अदुम्मा' हा शब्द आणि माती या अर्थाचा 'अदामा' यांची चारही अक्षरं सारखी आहेत. फरक फक्त स्वरखुणांचा. 'दाम' म्हणजे रक्त. तोही याच कुळातला म्हणून सांगतात, पण त्यात आलेफ नाही. ते नातं ध्वनीचं आहे, धातूचं म्हणून ठाम सांगू नये.

या कालवडीचा लाल रंग किती काटेकोर होता हे मिश्नात (ज्यू नियमांच्या जुन्या संग्रहात) दिसतं. दुसऱ्या रंगाचे दोन केस एकत्र सापडले तरी ती बाद.

5. एसाव आणि दावीद दोघंही 'लाल'. मग एकाला चांगला आणि एकाला वाईट अर्थ का?

दोघांसाठी शब्द एकच आहे, 'अदमोनी' (उत्पत्ती 25:25 आणि 1 शमुवेल 16:12). म्हणजे रंगाला स्वतःचा चांगला-वाईटपणा नाही, तो गोष्टीतून येतो. एसाव भुकेला येतो आणि डाळीच्या कालवणाला नावानेसुद्धा हाक मारत नाही, नुसतं 'ते तांबडं, तांबडं' म्हणतो. त्यावरून त्याला अदोम नाव पडतं (25:30). दावीदाच्या बाबतीत त्याच शब्दाला लागून त्याच्या सुंदर डोळ्यांचं वर्णन येतं.

एक खबरदारी. 'दावीद' या नावाचा अर्थ लाल नाही. त्याचा संबंध 'प्रिय' या अर्थाशी आहे. वर्णनातला रंग आणि नावातला रंग यांची गल्लत करू नये. तांबूसपणा केसांचा की कांतीचा, हेही दावीदाच्या वर्णनात सांगितलेलं नाही.

6. पांढऱ्या रंगाची नावं कोणती?

लामेद-बेत-नून हा धातू घ्या. 'लावान' म्हणजे पांढरा, आणि याकोबाचा सासरा लाबान याचं नावही तेच. लबानोन पर्वत पांढरा म्हणतात तो बर्फामुळे किंवा चुनखडीमुळे. चंद्राला काव्यात 'लेवाना' म्हणतात, म्हणजे 'पांढरी' (गीतरत्न 6:10).

मराठी वाचकाच्या घरात या धातूचं एक माणूस आधीपासून आहे: लोबान. अरबी 'लुबान'वरून आलेला हा शब्द आणि मंदिरात जाळायच्या धूपाचं हिब्रू नाव 'लेवोना' ही एकमेकांची भावंडं. झाडाचा पांढरट चीक, तोच सुकून खडा होतो.

अपवादही इथेच आहे. 'लेवेना' म्हणजे वीट, आणि तिची अक्षरं चंद्राच्या 'लेवाना'सारखीच. बेरीज दोन्हींची 87. पण वीट दिसली की तिथे पांढऱ्याचा अर्थ काढायचा नसतो.

7. मराठी बायबलमध्ये 'निळे, जांभळे व किरमिजी' सूत येतं. हे नेमके कोणते रंग?

मुळात ते तीन वेगळे शब्द आहेत: तेखेलेत, अर्गामान आणि तोलाअत शानी (निर्गम 25:4). ही रंगांची नावं जितकी, तितकीच रंगवलेल्या लोकरीची नावं. म्हणून त्यांचा उगम पाहिल्याशिवाय अर्थ लागत नाही.

तेखेलेत हा वस्त्राच्या कोपऱ्यांना लावायच्या गोंड्यांतल्या एका दोऱ्याचा रंग (गणना 15:38). तालमूद म्हणतो, तेखेलेत समुद्रासारखं, समुद्र आकाशासारखा आणि आकाश गौरवाच्या सिंहासनासारखं. ते 'हिल्लाझोन' या समुद्री जिवापासून मिळे. आज बहुतेक संशोधक तो जीव म्हणजे भूमध्य समुद्रातली म्युरेक्स गोगलगाय मानतात.

रंग कसा तयार होतो ते पाहण्यासारखं आहे. गोगलगायीच्या ग्रंथीतला द्रव हवेत आला की जांभळा होतो. हे जांभळं पाण्यात विरघळत नाही, म्हणून क्षारयुक्त गरम पाण्यात त्यातला ऑक्सिजन काढून घ्यावा लागतो. मग पाणी हिरवट-पिवळं दिसतं. या अवस्थेत भांडं झाकलेलं राहिलं, तर लोकर जांभळी होते. त्याच अवस्थेत भांड्यावर ऊन पडलं, तर रेणूतला ब्रोमीन सुटतो आणि उरते ती शुद्ध नीळ. लोकर बाहेर काढताना हिरवट असते आणि हवेत डोळ्यांदेखत निळी होते. उन्हाची ही करामत 1980च्या दशकात इस्राएलमधल्या शेंकर कॉलेजातले रसायनतज्ज्ञ ओटो एल्स्नर यांच्या ध्यानात आली. त्याआधी या गोगलगायीतून जांभळंच निघतं, निळं कसं निघणार, हीच मोठी अडचण होती.

अर्गामान तेच जांभळं, राजेशाही रंग. किरमिजीसाठी प्रश्न 8 पाहा.

शेतातल्या निळीने रंगवलेला दोरा तेखेलेत म्हणून चालतो का? हाच प्रश्न जोडून येतो. नाही चालत. तालमूदात वनस्पतीच्या निळीला 'काला इलान' म्हटलं आहे, आणि ती तेखेलेत म्हणून खपवणाऱ्याला कडक शब्दांत दम दिला आहे. दोन्हींचा रेणू एकच आहे, तरी नियम रंगछटेपुरता नसून उगमाचाही आहे. खरं तेखेलेत नसेल तर सगळे दोरे पांढरे ठेवतात.

गोंड्यात चार दोरे दुमडून आठ पदर होतात. त्यांतले निळे किती, यावर मध्ययुगातल्या ज्यू पंडितांची मतं वेगळी आहेत: रामबामच्या मते आठांतला एक, रावादच्या मते दोन, राशी आणि तोसाफोत यांच्या मते चार.

8. 'तोला' हे माणसाचं नाव, आणि त्याचा अर्थ अळी? असं नाव कुणी का ठेवेल?

कारण ती अळी म्हणजे रंग होता. ओकच्या झाडावर बसणाऱ्या केर्मिस या कीटकाच्या माद्या सुकवून त्यांपासून लाल रंग काढत. लाखेचा किडा ज्यांना माहीत आहे त्यांना हे लगेच पटेल. म्हणून 'तोलाअत शानी' म्हणजे शब्दशः शेंदरी रंगाची अळी. पापं किरमिजासारखी लाल असली तरी लोकरीसारखी होतील, असं यशया 1:18 मध्ये आहे, तिथेही हाच 'तोला' आहे. योनाच्या झाडाला लागलेला किडासुद्धा याच शब्दाचा.

2 इतिहास 3:14 मध्ये त्याच रंगाला 'कारमील' म्हटलं आहे. हा शब्द इराणकडून आला, आणि त्याच्या मुळाशी 'किर्म' म्हणजे किडा, आपला संस्कृत 'कृमी'. म्हणजे मराठी भाषांतरकाराने 'किरमिजी' लिहिलं, तेव्हा अळीच्या शब्दाला अळीचाच शब्द दिला. 

आता शास्ते 10:1 वाचा: तोला हा पुवाचा मुलगा, इस्साखार वंशातला. मिश्नात 'पूआ' म्हणजे मंजिष्ठा, मुळापासून लाल रंग देणारी वेल. बाप मंजिष्ठा आणि मुलगा किरमीज, दोन्ही लाल रंगद्रव्यं. उत्पत्ती 46:13 मध्ये हीच दोन नावं भावांची म्हणून येतात. यावरून त्या कुळाचा रंगारीकामाशी संबंध असावा, असा तर्क केला जातो. तर्क मोहक आहे, पण मजकूर तसं म्हणत नाही.

9. मग निर्गम 1:15 मधली पुवा नावाची सुईणसुद्धा मंजिष्ठाच?

नाही. मराठीत दोन्ही नावं सारखी दिसतात, म्हणून हा घोटाळा होतो. रंगाच्या पूआत आलेफ आहे, सुईणीच्या नावात आयिन. धातूच वेगळा.

अशीच फसगत 'केदार'ची. बायबलमधला केदार हा इश्माएलाचा मुलगा. त्याचा धातू काळवंडण्याचा आहे, आणि गीतरत्न 1:5 मध्ये काळ्या रंगाच्या जोडीला केदारचे तंबू येतात. केदारनाथावरून ठेवलेल्या आपल्याकडच्या केदारशी त्याचा काही संबंध नाही. आपला केदार संस्कृत आहे. 'शानी' आणि शनी ग्रह यांचंही तसंच.

'कहोल' (आजच्या हिब्रूत निळा) आणि काजळ यांचीही जोडी लावतात. कहोलचा धातू डोळ्यांत काजळ घालण्याचाच आहे (यहेज्केल 23:40), पण शब्द म्हणून काजळ संस्कृत 'कज्जल'वरून आलं. अर्थ शेजारी आहेत, घराणी वेगळी.

खरं नातं हवं असेल तर एस्तेर 1:6 पाहा. राजाच्या बागेतल्या पडद्यांत 'कर्पास' आहे, तो संस्कृत कर्पास, आपला कापूस. त्याच पुस्तकाच्या पहिल्या ओवीत 'होद्दू' म्हणजे हिंदुस्थान येतो.

10. अब्राहाम पांढरा, इसहाक लाल, असं का म्हणतात?

हे कब्बालातलं, म्हणजे ज्यू गूढपरंपरेतलं आहे. तिथे दहा सफिरोत आहेत आणि त्यांतल्या खालच्या सातांना बायबलमधली सात माणसं जोडली आहेत: अब्राहाम–हेसेद (कृपा), इसहाक–गेवुरा (कठोरता), याकोब–तिफेरेत (समतोल), मोशे–नेत्साख, अहरोन–होद, योसेफ–येसोद, दावीद–मालखूत. कृपेला पांढरा, कठोरतेला लाल, मधल्या तिफेरेतला हिरवा किंवा पिवळा, मालखूतला तेखेलेत किंवा काळा असे रंग देतात.

सफदचे मोशे कोर्दोवेरो यांनी 'पारदेस रिमोनिम' या ग्रंथाचं दहावं प्रकरण पूर्णपणे रंगांना दिलं आहे. छटा ग्रंथागणिक बदलतात, म्हणून एकच तक्ता 'अंतिम' समजू नये.

इथे माणसाला रंग मिळतो तो त्याच्या गुणावरून. नावाच्या धातूवरून नाही. अब्राहाम या नावात पांढरा कुठेच नाही.

11. बारा वंशांचे रंग कोणते?

निर्गम 28:17–20 मध्ये याजकाच्या ऊरपटावर चार ओळींत बारा रत्नं आहेत. कोणतं रत्न आजचं कोणतं, हे बहुतेकांबाबत निश्चित नाही. 'बमिदबार रब्बा' या मिद्राशात (बायबलवरच्या जुन्या ज्यू भाष्यात) मात्र प्रत्येक वंशाच्या निशाणाला त्याच्या रत्नाचा रंग आणि चित्र दिलं आहे:

रऊबेन लाल, शिमोन हिरवा, लेवी पांढरा-काळा-लाल एक एक तृतीयांश, यहूदा आकाशासारखा आणि त्यावर सिंह, इस्साखार काळा आणि त्यावर सूर्य-चंद्र, जबुलून पांढरा आणि त्यावर जहाज, दान नीलमण्यासारखा आणि त्यावर साप, गाद काळा-पांढरा मिसळलेला, नफताली फिक्या मद्यासारखा आणि त्यावर हरिणी, आशेर मौल्यवान रत्नाच्या रंगाचा आणि त्यावर जैतुनाचं झाड, योसेफ गडद काळा, बन्यामीन सगळ्या रंगांचा आणि त्यावर लांडगा.

नेहमी अडतं ते इस्साखारपाशी. त्याचं रत्न 'सप्पीर' (सॅफायर), मग निळं हवं ना? मिद्राशात 'काळा, कहोलसारखा' असं आहे, म्हणजे काजळासारखा. त्या 'कहोल'ला आजच्या अर्थाने निळा वाचलं की तक्ता चुकतो.

12. नावाची बेरीज करून शुभ रंग काढता येतो का?

बेरीज काढता येते, शुभ रंग नाही. गेमात्रियात, म्हणजे अक्षरांच्या अंकांवरून अर्थ लावण्याच्या पद्धतीत, दोन शब्दांच्या बेरजा जुळल्या तर त्यांच्यात विचाराचा दुवा शोधतात. बेरजेवरून रंग सांगण्याचा नियम तिथे नाही.

रंगांच्या बेरजा अशा: लावान 82, तेखेलेत 850, अर्गामान 294, शानी 360. आदोम वावसहित 51, वावशिवाय 45, आणि 45 हीच आदामची बेरीज.

लेखन बदललं की बेरीज बदलते, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. गोंडा म्हणजे 'त्सित्सित'. त्याची बेरीज 600, त्यात आठ पदर आणि पाच गाठी मिळवून 613, म्हणजे तोरातल्या आज्ञांची संख्या होते, असं राशी सांगतो. पण तोरात हा शब्द एका योदने कमी लिहिलेला आहे, तेव्हा बेरीज 590च येते. मराठी नावांचं तर विचारूच नका. 'तारा' ताव-रेश-हे असं लिहिलं तर 605, तेत-रेश-हे लिहिलं तर 214, मध्ये आलेफ घातलं तर 215.

13. कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंच्या नावांत किंवा सिनेगॉगमध्ये (प्रार्थनास्थळात) रंगांचे संकेत आहेत का?

नावांत रंगापेक्षा मराठी वळण दिसतं. शमुवेलचं सामाजी, यहेज्केलचं हसाजी, बन्यामीनचं बुनाजी. मुंबईचं पहिलं सिनेगॉग, 'शाआर हाराहामीम', 1796 साली बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर म्हणजे सॅम्युएल एझेकिएल दिवेकर. आडनाव गावावरून, दिवे या गावचे ते दिवेकर. अशा नावाचा हिब्रू अर्थ काढायचा असेल तर आधी मूळ नावापर्यंत जा. 'हसाजी' हिब्रू अक्षरांत लिहून बेरीज करणं निरर्थक आहे.

पुण्याचं ओहेल दावीद (1867) 'लाल देऊळ' म्हणून ओळखलं जातं ते विटांच्या रंगामुळे. अदोमशी त्याचा संबंध नाही. ते बांधवून घेणारे डेव्हिड ससून बगदादी ज्यू होते.

14. मनगटावरचा लाल दोरा बायबलमधला आहे का?

बायबलमध्ये लाल दोरे आहेत, पण ते खूण म्हणून. जेरहाच्या हाताला सुईणीने 'शानी' बांधला तो जुळ्यांतलं आधी कोण हे कळावं म्हणून (उत्पत्ती 38:28). राहाबेने खिडकीला बांधला तो घर ओळखू यावं म्हणून (यहोशवा 2:18). तिथल्या 'दोरी'साठी आलेला 'तिकवा' हा शब्द 'आशा' या अर्थाचाही आहे.

दृष्ट लागू नये म्हणून लाल दोरा बांधणं ही नंतरची लोकरूढी. तोसेफ्तात (मिश्नाला जोडून असलेल्या संग्रहात) तर बोटाला लाल दोरा बांधणं परक्यांच्या चालींत मोडलं आहे.

15. नाव हिब्रूत लिहून भिंतीवर लावायचं किंवा गोंदवायचं आहे. काय तपासू?

आधी दिशा. हिब्रू उजवीकडून डावीकडे जाते, आणि अनेक डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये चिकटवताना अक्षरं उलटी पडतात. साधी कसोटी: 'आदोम' लिहिलं तर शेवटचं मेम बंद चौकटीसारखं असतं, ते अगदी डावीकडे हवं. उजवीकडे दिसलं तर शब्द उलटा छापला आहे. 'लावान'मध्ये सगळ्यात उंच लामेद उजवीकडे, आणि ओळीखाली उतरणारं नून डावीकडे.

मग जुळी अक्षरं. दालेतच्या वरच्या उजव्या कोपऱ्याला टोक असतं, रेश तिथे गोल असतं. 'हे'चा डावा पाय छपराला टेकत नाही, खेतचा टेकतो. शेवटचं मेम चौकोनी, सामेख गोलसर. सुईने किंवा ब्रशने हे फरक पटकन पुसले जातात, म्हणून नमुना मोठ्या आकारात छापून द्या.

त्यानंतर मराठीत लपणारे भेद. आपला 'त' तेत की ताव, 'स' सामेख की सीन, 'अ' आलेफ की आयिन, हे मूळ हिब्रू लेखन पाहूनच ठरवा, कानावर जाऊ नका (प्रश्न 9).

योद-हे-वाव-हे हे चतुराक्षरी देवनाम सजावटीत घेऊ नका. ते पुसत नाहीत आणि असलेला कागद टाकतही नाहीत, गेनिझात (जुन्या पवित्र कागदांच्या कोठीत) ठेवून पुढे पुरतात. शिवाय गोंदवून घेणं लेवीय 19:28 नुसार ज्यू माणसाला वर्ज्य आहे.

16. रंगीत हिब्रू अक्षरं मग कुठे चालतात?

विवाहाच्या करारपत्रात, म्हणजे केतुब्बात, सोनेरी आणि रंगीत वेलबुट्टी काढण्याची मोठी परंपरा आहे. वल्हांडणाच्या रात्री वाचायच्या हग्गादाच्या पानांवर, भिंतीवरच्या चित्रांतही चालतात. तोराची गुंडाळी, तेफिल्लीन (प्रार्थनेच्या वेळी बांधायच्या पेट्यांतली वचनं) आणि दारावरची मझूझा (चौकटीवर लावायची वचनांची गुंडाळी) या तिघांत मात्र फक्त काळी शाई.